कायमची परवानगी

बातमी आली तेव्हा सूर्यभान गच्चीवर कूलरच्या ताट्या बदलत होता. जुन्या ताट्यांतल्या गवताचा भुसा झाला होता आणि तो अंगभर चिकटला होता. फोनवर पौर्णिमाचं नाव दिसलं म्हणून त्यानं हात न पुसताच उचलला आणि ती बोलायच्या आधीच म्हणाला, "पोचली का अकोल्याले?"

पलीकडे पुरुषाचा आवाज होता.

"काका, मी कंडक्टर बोलून राहिलो. ह्या बाई तुमच्या कोण?"

"बायको आहे माही. काऊन, काय झालं?"

"मूर्तिजापूरच्या अलीकडे बस थांबवली आहे. बाईंना चक्कर आली म्हणून. तुमी निघा. सोबत कोणाले घेऊन निघा."

'सोबत कोणाले घेऊन' हे ऐकलं आणि सूर्यभानला काय ते समजलं. त्याची सगळी नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून गेली होती. खांबावरून माणूस पडला की त्याच्या घरी असाच फोन करायचा असतो, आणि तसे फोन त्यानं स्वतः किती वेळा केले होते. तो खाली आला, शर्ट घातला, शेजारच्या वाहेदभाईंना हाक मारली. कूलरच्या टाकीत सोडलेला पाइप तसाच राहिला. संध्याकाळी पौर्णिमाला घरी आणलं तेव्हा गच्चीवरचं पाणी जिन्यानं उतरून अंगणात आलं होतं आणि लोक चपला उचलून घेत होते.

ती अकोल्याला निघाली होती ती भावाकडे. पौर्णिमा अमरावतीच्या घरातल्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ चालवायची. भातकुलीपासून बार्शीटाकळीपर्यंत तिनं जुळवलेले संसार होते. शेवटचं स्थळ तिनं आपल्या भाचीचं जुळवलं होतं. मुलगी दामिनी, पौर्णिमाच्या धाकट्या भावाची, गजेंद्रची. मुलगा विपुल, तिवशाचा. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली होती, हॉल ठरवून झाला होता, अंगठीचं मापही गेलं होतं. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी पौर्णिमानं भावाला फोन केला होता.

"गजू, साक्षगंधाच्या आधी मले तुह्याशी बोलायचं आहे."

"बोल न ताई."

"फोनवर नाही. मी येऊन सांगतो."

तेवढंच. ते सांगायला ती निघाली आणि सांगायचं तिच्यासोबतच गेलं.

तेरवी झाली. अंकुर, एकुलता मुलगा, हैदराबादला परत गेला. पाहुणे पांगले. त्यानंतरच्या गुरुवारी भर दुपारी गजेंद्र आपली गाडी घेऊन दारात उभा राहिला. अकोल्यात त्याचं कृषी सेवा केंद्र होतं. बी-बियाण्यांचा हंगाम तोंडावर असताना तो दुकान टाकून आला, म्हणजे काम साधं नव्हतं.

पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, रविवारी साक्षगंध आहे."

सूर्यभान त्याच्याकडे बघत राहिला. "ठेवलंच का तुमी?"

"तिकडचे लोक म्हणतात, आत्या म्हणजे दिलेली पोरगी. माहेराले सुतक तीन दिवसांचं. आणि तारीख ताईनंच काढली होती." गजेंद्रनं मान खाली घातली. "वाईट नका वाटून घेऊ. पण मी त्यासाठी नाही आलो. ताईले काय सांगायचं होतं, थे मले पाहिजे. माह्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. पोराचं काही असन तर? दारू, बाई, आजार, काहीही. ती बोलली असती तर मी रविवार मोडला असता. आता नाही बोलली म्हणून पोरगी तशीच देऊन टाकू का?"

"तिच्या फोनात पाहिलं अंकुरनं. काही नाही."

"फोनात ती ठेवतच नव्हती. मालूम आहे मले. कोणीही फोन हातात घेते म्हणे." गजेंद्रनं पुढच्या खोलीकडे बोट केलं. "त्याच्यात असन."

खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. पौर्णिमानं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर अजून त्याच्यावर होतं. लोक तिच्याजवळ येऊन बायोडाटा देत आणि मग आवाज खाली आणून बाकीचं सांगत. मोडलेलं साक्षगंध, आधीचं प्रेम, भावाची दारू, अंगावरचा डाग. ते ऐकताना ती खोलीचं दार लावून घेई. सूर्यभाननं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

गजेंद्रनं कव्हर काढलं आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन नावं आली. एक 'आई', एक 'बाबा'. अंकुरनं घेऊन दिलेला कॉम्प्युटर, त्यानंच घातलेली नावं.

"पासवर्ड?"

"मले काय मालूम."

गजेंद्रनं ताईच्या जन्माचं साल टाकून बघितलं. लग्नाची तारीख टाकली. अंकुरचं नाव टाकलं. मग 'जय गजानन' टाकलं.

"ह्यानं तर उघडाले पाहिजे होतं," तो स्वतःशीच म्हणाला. "माह्या दुकानातल्या अर्ध्या लोकाइचा हाच आहे."

"तुहा पण?"

"मंग काय."

त्या दिवसांत सूर्यभान पहिल्यांदाच हसला, आणि लगेच थांबला. कॉम्प्युटरनंही आता थोडं थांबा म्हणून सांगितलं होतं.

गजेंद्रनं अंकुरला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. अंकुरनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुमच्या नावावर दाबा," तो म्हणाला. "तुम्हाला पासवर्डच नाही ठेवला मी."

सूर्यभान त्या नावानं आत जायचा तो कधीमधी पत्ते खेळायला. पत्त्यांचं चित्र तिथं होतं. अंकुर सांगत गेला, गजेंद्र माउस फिरवत गेला. सी ड्राइव्ह. त्यात युजर्स. त्यात एक पिवळं फोल्डर, 'आई'. गजेंद्रनं त्यावर दोनदा दाबलं. एक चौकोन वर आला.

गजेंद्रनं इंग्रजी अडखळत वाचलं आणि मराठीत सांगितलं, "तुमाले सध्या या फोल्डरात जायची परवानगी नाही. कायमची परवानगी पाहिजे असन तर कंटिन्यू दाबा." तो खुर्चीत पुढे सरकला. "अरे, हे तर एकदम सोपं आहे! दाबतो."

"थांब," सूर्यभान म्हणाला.

"आता काय?"

"कायमची म्हणजे काय रे अंकुर?"

"म्हणजे एकदा दाबलं की ते फोल्डर तुमच्या नावालाही उघडंच राहणार. परत विचारणार नाही."

"पण ते तर तिचं आहे. मले काऊन देऊन राहिलं ते?"

"तुम्ही अ‍ॅडमिन आहात बाबा. म्हणजे घरातला मुख्य. कॉम्प्युटर आणला तेव्हा मी सवयीनं तुमचं नाव मुख्य म्हणून टाकलं. रेशनकार्डावर असतं तसं."

सूर्यभानला हे नवीन होतं. पत्ते खेळणाऱ्याच्या हातात सगळ्या खोलीच्या किल्ल्या होत्या आणि जी दिवसभर तिथं बसायची ती भाडेकरू होती.

"आईला माहीत होतं," अंकुर म्हणाला. "मागं तिनं विचारलं होतं, माझं हे कोणी उघडू शकते का. मी म्हटलं, बाबा उघडू शकतात, एक बटण दाबायचं काम आहे. म्हटलं बदलून देतो, तुला मुख्य करतो. तर म्हणाली, राहू दे. त्याहिले माहीत झालं तरी ते नाही उघडणार."

गजेंद्रनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

लाइनवर काम करायचं तर परमिट घ्यावं लागतं. ज्यानं परमिट घेऊन लाइन बंद केली, त्यानंच ते परत केल्याशिवाय खाली बसलेल्यानं ती चालू करायची नाही, मग साहेब ओरडो की गाव ओरडो. खांबावर कोण चढलं आहे हे खाली बसलेल्याला दिसत नसतं. सूर्यभाननं हा नियम नोकरीभर पाळला होता. त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण परमिट घेणारं माणूसच गेलं तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"भाऊजी," गजेंद्र हळू आवाजात म्हणाला, "ती माही पण बहीण होती. मी काय गंमत पाहाले नाही आलो. पण रविवारी त्या पोराच्या हातानं माह्या पोरीच्या बोटात अंगठी जाईन. ताई जिवंत असती तर तिनं सांगितलं असतं का नाही?"

"असतं."

"मंग?"

"दोनच नावं पाहायची," सूर्यभान म्हणाला. "विपुलचं पाहायचं आणि बंद. दुसऱ्या कोणाच्या नावाले हात लावशील तर मी हे वायर तोडून टाकीन."

"दुसरं कोणाचं?"

सूर्यभान गोंधळला. दोन तो का म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "एकच. विपुलचं," तो म्हणाला. मग त्यानं गजेंद्रला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसला, आणि कंटिन्यू स्वतःच्या बोटानं दाबलं.

एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकली आणि फोल्डर उघडलं. अंकुरनं फोन ठेवला.

तिनं काही लिहून ठेवलं नव्हतं. टायपिंगचा तिला कंटाळा होता. तिथं नुसते आवाज होते. माणूस उठून गेलं की ती कॉम्प्युटरपुढे बोलून ठेवायची. नावांमागून नावं होती. त्यातली कितीतरी सूर्यभानच्या ओळखीची. ती वाचली जाऊ नयेत म्हणून तो पडद्यावर तिरका बघत होता. विपुलचं नाव सापडलं. त्यानं दाबलं.

"विपुल, तिवसा," पौर्णिमा म्हणाली.

सूर्यभाननं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पोरगं सरळ आहे. कमी बोलते. याच्या आधी एक साक्षगंध झालं होतं, थे पोरीकडून मोडलं. मी खोदून खोदून विचारलं, पण त्या पोरीबद्दल वाईट एक शब्द नाही काढला. मले हे आवडलं. आई कडक आहे, पण तोंडावर बोलते. मागून—" इथं मागून एक बारीक आवाज आला, चहा होईल का म्हणून विचारणारा, सूर्यभानचा स्वतःचा. आणि ती म्हणाली, "थांबा न जरासे! जीव चालला का?" मग पुन्हा खालच्या आवाजात, "मागून काही लपवल्यासारखं नाही वाटलं. दामिनीसाठी चांगला आहे."

आवाज थांबला. गजेंद्रनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "झालं," तो म्हणाला. "चांगला आहे म्हणे. ऐकलं ना? चांगला आहे." त्याला एकदम घाम फुटला होता. "शालू वाट पाहून राहिली असन. तिले सांगतो." तो बायकोला फोन लावत अंगणात गेला.

सूर्यभान बसून राहिला. पोरगा चांगला होता. मग पौर्णिमा उन्हातान्हाची बसमध्ये बसून काय सांगायला निघाली होती?

विपुलच्या नावाच्या वर, जरा लांब, दामिनीचं नाव होतं. त्याची तारीख निघायच्या आदल्या दिवसाची होती.

अंगणातून गजेंद्रचा आवाज येत होता. "अवं सोन्यासारखा आहे पोरगा! उगीच घाबरलो आपण." सूर्यभाननं पौर्णिमाचा हेडफोन घेतला, त्याची पिन खोचली आणि कानाला लावला.

"दामिनी. माही भाची. आज हे बाहेर गेले असताना एकटीच आली बसनं, घरी मैत्रिणीचं नाव सांगून. तिले फिट येते. नागपूरले होस्टेलमध्ये होती तेव्हापासून. गोळी चालू आहे आणि गोळी चालू असली की काहीच नाही होत. डॉक्टर म्हणते लग्न, लेकरं, सगळं करता येईन. शालूले माहीत आहे. गजूले नाही. शालूनं तेव्हा कमजोरी म्हणून सांगितलं आणि आता पोरीले म्हणते, लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको. पोरगी रडली नाही. म्हणे, आत्या, मी त्या घरात गोळी लपवून कुठं खाऊ? पहिल्याच महिन्यात कोणी पाहीन आन म्हणतीन फसवलं. त्याले आधी सांगा. ऐकून हो म्हणाला तर मी खुशीनं जाईन. पण आधी बाबाले तू सांग, माह्यानं होत नाही." पौर्णिमा थोडी थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. "मी येतो म्हटलं. गजूले बसवून सांगावं लागन. फोनवर सांगितलं तर तो आधी शालूवर धावून जाईन."

"काय ऐकून राहिले?"

गजेंद्र दारात उभा होता. सूर्यभाननं हेडफोन काढला. काढायला नको होता. कानावर असता तर ऐकू आलं नाही असं तरी करता आलं असतं.

"काही नाही."

गजेंद्र जवळ आला आणि त्यानं पडदा बघितला. नाव निळ्या पट्टीत ठळक दिसत होतं.

"माह्या पोरीचं नाव काऊन आहे इथं?"

"बस तू आधी."

"भाऊजी, इथं काय आहे?" त्यानं माउसकडे हात नेला आणि दुसऱ्या हातानं हेडफोनची पिन उपसली. सूर्यभाननं मागं हात करून भिंतीवरच्या बोर्डाचं मुख्य बटण बंद केलं. पडदा काळा झाला. पंखाही थांबला.

गजेंद्रचा चेहरा लाल झाला. "बाप आहो मी तिचा! माह्या पोरीचं माह्यापासूनच लपवता? खात्यात काम करून करून तुमाले वाटते का सगळ्याइची लाइन तुमच्याच हातात आहे?"

"बाप आहेस म्हणून तिच्या तोंडून ऐक."

"तुमी ऐकलं न? मंग सांगा!"

"मी ऐकाले नाही पाहिजे होतं. ऐकलं." सूर्यभाननं खिशातून फोन काढला. "पोराचं काही नाही, हे तू ऐकलं. बाकीचं ज्याचं आहे त्याले विचारतो."

त्यानं दामिनीला फोन लावला. गजेंद्र त्याच्या समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"दामिनी, मी बोलतो. तुह्या आत्यानं जे सांगायचं कबूल केलं होतं ते मले समजलं."

पलीकडे दुकानातली वर्दळ ऐकू येत होती. बाप दुकानात नाही म्हणून गल्ल्यावर ती बसली होती. मग ती म्हणाली, "मामाजी, बाबा तिथंच आहेत?"

"हो. पुढेच उभे आहे."

"त्याहिले सांगितलं?"

"नाही. सांगू?"

"नका सांगू. मी सांगते. पण तुमी सोबत या. आत्या येणार होती न, तर तिच्या जागी तुमी या."

"निघालो," सूर्यभान म्हणाला.

बस त्या दिवशी ज्या रस्त्यानं गेली, त्या रस्त्यानं तो त्यानंतर गेला नव्हता. बडनेरा मागं पडलं. गजेंद्र गाडी जोरात हाणत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यानं आपोआप वेग कमी केला आणि दोघंही आपापल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. नांगरलेली काळी रानं होती, बाकी काही नव्हतं.

"एकच सांगा," गजेंद्र पुढे गेल्यावर म्हणाला. "पोरगी कोणासोबत पळून तर नाही चालली?"

"नाही."

"मंग असं काय आहे?"

"गाडी चालव, गजू."

ते अकोल्याला पोचले तेव्हा दामिनी दुकानातून घरी आली होती. तिनं दोघांना पाणी दिलं. शालूनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि ती सूर्यभानला बघून जागच्या जागी थांबली. दामिनी बसली नाही. भिंतीला टेकून, बापाकडे बघत, तिनं सगळं सांगितलं. होस्टेलातली पहिली फिट, डॉक्टर, गोळी. पौर्णिमानं लावला असता त्यापेक्षा कमी वेळ लागला.

"वाटोळं करायले आले तुमी!" शालू सूर्यभानवर धावून आली. "ताई गेल्या, तरी घर नाही सोडलं त्याहिनं. एवढी वर्षं मी एकटीनं निभावलं. कोणाले कळलं असतं? सांगा न, कोणाले कळलं असतं?"

"मले," दामिनी म्हणाली.

गजेंद्र शालूवर धावून गेला नाही. मग त्यानं विचारलं, "गोळ्या कुठं ठेवते तू?"

"तांदळाच्या कोठीत."

तो उठला. आत कोठीचं झाकण वाजलं. हातातल्या पाकिटावर तांदळाचे दाणे चिकटलेले होते. ते त्यानं झटकले आणि पाकीट बैठकीतल्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलं.

"आता इथंच राहू दे," तो म्हणाला.

शालू दाराच्या चौकटीत बसली आणि पदरात रडायला लागली. रडता रडताच ती म्हणाली, "रविवार तरी पुढं ढकला. तिवशाले सांगा, ताईचं दुःख आहे, घरात मन नाही लागून राहिलं. थोडे दिवस मिळतीन. मंग पाहू."

गजेंद्रनं सूर्यभानकडे बघितलं. ती सोपी वाट होती आणि ती मागायला त्याला लाज वाटत होती हे दिसत होतं.

"नाही," सूर्यभान म्हणाला. "तिच्या मरणाचं निमित्त नका करू. दुसरं काही पण सांगा. तिचं नाही."

गजेंद्रनं फोन काढला, विपुलच्या वडलांचा नंबर समोर आणला आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. दामिनी त्या नंबराकडे बघत होती. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला. गजेंद्रनं तो पुन्हा उजळवला. तो पुन्हा काळा झाला.

शालू चहा ठेवायला आत गेली. चहा आला, प्यायला गेला, कप उचलले गेले.

तिवशाला फोन अजून झालेला नव्हता.